कल्पित खेळजगात रत्नं कुठे ठेवायची? आधी जमीन घडवा

कल्पित जगाचा पहिला नकाशा काढताना बहुतेक जण डोंगर काढतात, जंगल काढतात आणि मग जिथे कागद मोकळा दिसेल तिथे ‘माणकांची खाण’, ‘हिऱ्यांची गुहा’ असं लिहून टाकतात. माझा पहिला नकाशाही असाच होता. दोन डाव छान रंगले. तिसऱ्या डावात एका खेळाडूनं नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, “माणकं याच टेकडीत का? शेजारच्या टेकडीत का नाहीत?” प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर खरी रत्नं कुठे आणि कशी तयार होतात ते मी वाचायला लागलो. वाचत गेलो तसं कळलं, की पृथ्वीनं स्वतःच रत्नांची जी मांडणी केली आहे, तिच्याइतकी चांगली मांडणी आपल्याला बसून सुचणार नाही.

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. रत्नांच्या बाबतीत ती अक्षरशः लागू पडते. जमीन कशी घडली हे एकदा ठरलं, की कोणतं रत्न कुठे असेल हे जवळजवळ आपोआप ठरतं. हा लेख पहिल्यांदा जग रचणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही टेबलावर खेळ चालवणारे गेम मास्टर असा किंवा छोटा संगणक गेम बनवत असा, पायऱ्या त्याच. कागद, पेन्सिल, खोडरबर आणि एक निवांत संध्याकाळ एवढं पुरे.

पायरी १: आधी भूपट्ट, मग डोंगर

कोऱ्या कागदावर खंडाची किनार काढा, पण डोंगरांना अजून हात लावू नका. फिकट रेषा मारून जमिनीचे दोन-तीन तुकडे करा. हे तुमचे भूपट्ट. नवख्यानं तीनपेक्षा जास्त करू नयेत, गुंता होतो. प्रत्येक तुकडा कोणत्या दिशेला सरकतोय ते बाणानं दाखवा.

आता बाण वाचा. दोन खंडं समोरासमोर भिडतात तिथे उंच, रुंद पर्वतरांग उभी राहते. समुद्राचा तळ खंडाखाली शिरतो तिथे किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची माळ येते आणि समोर समुद्रात खोल गर्ता. दोन तुकडे एकमेकांपासून लांब जातात तिथे खचदरी आणि तिच्या तळाशी लांबट सरोवरं. तुकड्याच्या मधोमध, जिथे कोणतीच धडक पोचत नाही, तिथे खंडाचा जुना, शांत गाभा उरतो. झिजलेलं, सपाट, पाहणाऱ्याला काहीच विशेष न वाटणारं पठार. या गाभ्याभोवती ठळक वर्तुळ काढून ठेवा, कारण हिरे तिथेच आहेत.

पुढे बोलायला सोपं जावं म्हणून एक छोटं खंड घेऊ. त्याचं नाव सांजवट. मधोमध धडकेतून उठलेली धवलरांग, पश्चिमेला जुन्या गाभ्याचं पठार म्हणजे थोरमाळ आणि रांगेच्या पूर्वेला कोरडाण नावाचं वाळवंट.

पायरी २: वारा आणि पाणी

ही पायरी झटपट होते. समुद्रावरून येणारा ओला वारा कोणत्या बाजूनं येतो ते ठरवा. सांजवटात तो पश्चिमेकडून येतो. थोरमाळावर बेताचा पाऊस पाडतो, धवलरांगेला आदळून उरलेलं सगळं ओततो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. म्हणून कोरडाण पर्जन्यछायेत आहे. वाळवंट नकाशावर मनाला येईल तिथे टाकायचं नसतं, ते असं डोंगराच्या पाठीमागे येतं.

नद्यांचे दोन नियम मात्र पाठच करा. नद्या खाली जाताना एकमेकींना मिळतात. त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फाटत नाहीत. आणि सरोवरात कितीही नद्या आल्या तरी बाहेर पडणारी वाट बहुधा एकच असते. सांजवटाची मुख्य नदी आरक्ता. ती थोरमाळावर उगम पावते, धवलरांगेतून आलेल्या उपनदीला पोटात घेते आणि दक्षिणेला समुद्राला मिळते. या संगमाचं महत्त्व पाचव्या पायरीत कळेल.

पायरी ३: प्रत्येक रत्नाला त्याचं घर

हिऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त चुका होतात. हिरा म्हणजे कार्बन. नैसर्गिक हिरे बहुतांशी १५० ते २०० किलोमीटर खोलवर, जुन्या खंडांच्या जाड मुळाशी घडलेले असतात. वर येण्यासाठी त्यांना एक खास वाहन लागतं: किंबरलाइट नावाच्या खडकाचा अतिशय वेगवान उद्रेक. सावकाश वर आले असते तर वाटेतच त्यांचं ग्रॅफाइट होऊन गेलं असतं. त्यामुळे हिऱ्याची खाण डोंगरात शिरेसारखी लांब पसरत नाही. ती जमिनीत गाजरासारखी खाली निमुळती होत गेलेली नळी असते. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली गावावरून या खडकाला नाव मिळालं. तिथले खाणकामगार वरच्या कुजलेल्या थराला पिवळी जमीन म्हणत आणि त्याखालच्या खडकाला निळी जमीन.

हे सगळं खेळात सरळ उतरतं. किंबरलाइट आजूबाजूच्या खडकापेक्षा लवकर झिजतो, म्हणून अशा नळीच्या तोंडाशी पुष्कळदा उथळ, गोलसर खळगा तयार होतो आणि त्यात पाणी साठतं. थोरमाळाच्या सपाटीवर पाच गोल तळी ठेवा. बहुतेक नळ्यांमध्ये कामाचे हिरे नसतातच, म्हणून पाचांपैकी एकाच तळ्याखाली ते असू द्या. कोणत्या, हे फक्त तुम्हाला माहीत.

माणिक आणि नीलम ही सख्खी भावंडं. दोन्ही कुरुंद, म्हणजे धार लावायच्या दगडात वापरतात तेच खनिज. त्यात फक्त अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन. किंचित क्रोमियम शिरलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम शिरलं की निळा नीलम. एवढ्या साध्या गोष्टींनी बनलेलं रत्न दुर्मीळ का? कारण पृथ्वीच्या कवचात सिलिका जिकडेतिकडे आहे आणि ती जवळ असली की अ‍ॅल्युमिनियम तिच्याशी जोडलं जाऊन फेल्डस्पार, अभ्रक असली सामान्य खनिजं बनतात. कुरुंद बनायला सिलिका जवळजवळ नसलेली जागा लागते. अशी एक जागा म्हणजे संगमरवर. समुद्रतळाचा चुनखडक दोन खंडांच्या धडकेत सापडतो, दाबानं आणि उष्णतेनं त्याचा संगमरवर होतो आणि त्यात मुळात असलेल्या चिकणमातीच्या अंशातून माणकं उमलतात. म्यानमारमधल्या मोगोकची प्रसिद्ध माणकं अशीच संगमरवरातली आहेत.

मी रांगेला धवलरांग म्हटलं ते याचसाठी. त्या खेळाडूच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं: ही टेकडी संगमरवराची आहे, शेजारची ग्रॅनाइटची. तुमच्या खेळाडूंना तिथे नेलं तर त्यांना हे डोळ्यांनी दिसू द्या. पांढऱ्याशुभ्र, साखरेसारख्या दाणेदार खडकात डाळिंबाचा दाणा रुतावा तसा लाल खडा आणि जवळच तसाच लाल दिसणारा, पण आठ पैलूंचा दुसरा. तो दुसरा स्पिनेल. खाणीतही दोघं शेजारी राहतात. शतकानुशतकं स्पिनेलला माणिक समजलं गेलं. ब्रिटिश राजमुकुटात दर्शनी बसवलेलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ हे प्रत्यक्षात स्पिनेल आहे. राजघराण्याचं माणिक खोटं निघतं, या एका धाग्यावर तुमची अख्खी मोहीम उभी राहू शकते आणि त्यात लबाडी कुणाचीच नसते!

पाचूची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पाचू हा बेरिल नावाच्या खनिजाचा हिरवा प्रकार. बेरिलला बेरिलियम लागतं आणि ते मिळतं फिक्या ग्रॅनाइटच्या शेवटच्या रसांमध्ये. हिरव्या रंगाला क्रोमियम किंवा व्हॅनेडियम लागतं, त्यातलं क्रोमियम मुख्यतः पृथ्वीच्या पोटातून आलेल्या गडद खडकांत असतं. या दोघांची घरं अगदी वेगळी. ती एकत्र आणायला जमीन मोडावी, वाकावी लागते, आणि मग ग्रॅनाइटची पांढरी शीर गडद खडकात घुसली तर त्या सीमेवर पाचू होतो. कोलंबियात वाट निराळी आहे: तिथे गरम खारं पाणी शेल नावाच्या, चिखलापासून बनलेल्या काळ्या खडकातून फिरलं आणि लागणारी मूलद्रव्यं त्यानं खडकातूनच गोळा केली. आपण पहिली वाट घेऊ. धवलरांगेच्या पायथ्याशी, जिथे जुन्या समुद्रतळाचे काळपट हिरवे खडक वर आले आहेत आणि त्यांतून ग्रॅनाइटच्या शिरा गेल्या आहेत, तिथे एक अरुंद पट्टा पाचूचा.

बाकीची थोडक्यात. ओपल कोरडाणात, एके काळच्या उथळ समुद्राच्या मातीत. सिलिकायुक्त पाणी भेगांत मुरून तो बनतो. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपलच्या गावात लोक उन्हाच्या काहिलीतून सुटायला जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. वाळवंटातल्या वस्तीसाठी याहून चांगला नमुना शोधू नका. जांभळा अ‍ॅमेथिस्ट लाव्हाच्या थंड झालेल्या बुडबुड्यांत, पोकळीला आतून अस्तर लावल्यासारखा. हिरवट पेरिडॉट बेसॉल्टनं खालून उचलून आणलेला. तो काही उल्कांमध्येही सापडतो, म्हणजे आकाशातून पडलेलं रत्न हवं असेल तर ते तयार आहे. जेडाइट जिथे समुद्रतळ खंडाखाली शिरतो त्या पट्ट्यात. निळं लाजवर्द पुन्हा संगमरवरात, सोनेरी पायराइटच्या ठिपक्यांसह.

आणि तृणमणी. तो मुळी दगडच नाही, झाडाच्या डिंकासारख्या चिकाचा झालेला जीवाश्म आहे. कापडावर घासला की गवताची काडी ओढून घेतो, त्यावरूनच हे नाव. खाऱ्या, दाट पाण्यात तो तरंगू शकतो आणि बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर वादळानंतर वाहून येतो. तुमच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी वादळाच्या दुसऱ्या दिवशी मासे सोडून तृणमणी वेचायला जावं, हे किती सुंदर दृश्य आहे.

पायरी ४: दुर्मीळपणाला कारण द्या

‘अतिदुर्मीळ’ असा शिक्का मारून रत्न दुर्मीळ होत नाही. प्रत्येक दुर्मीळ रत्नापुढे एका वाक्यात कारण लिहा. ते लिहिता आलं नाही, तर रत्न यादीतून काढा. कारणं मोजकीच आहेत. कधी न भेटणारी दोन द्रव्यं भेटावी लागतात, पाचूसारखी. कधी सगळं जुळून आलं ते एकाच ठिकाणी: टांझानाइट १९६७ मध्ये टांझानियात, किलिमांजारोजवळच्या मेरेलानी टेकड्यांत सापडलं आणि त्याच्या खाणी आजही त्या काही किलोमीटरच्या पट्ट्यातच आहेत. कधी रत्न तयार होतं, पण वर येईपर्यंत टिकत नाही.

स्वतःचं रत्न रचायचं असेल तर हाच मार्ग उलटा चाला. आधी एक खरं सामान्य खनिज सांगाडा म्हणून घ्या. मग रंग देणारं एक परकं द्रव्य निवडा आणि ते नकाशाच्या दुसऱ्याच टोकाला ठेवा. शेवटी दोघं कुठे भेटली असतील ती एकच जागा शोधा. सांजवटासाठी मी असं रचलं: सांगाडा गारगोटीचा, ती सगळीकडे आहे. रंग देणारी धूळ आकाशातून पडलेल्या उल्केची. भेट झाली ती कोरडाणातल्या एका खड्ड्यात, उल्केच्या आघातानं तापलेल्या पाण्यात. रत्न फक्त त्या खड्ड्याच्या कडेला. जादू हवी असेल तर ती इथे आणा, रंग देणाऱ्या द्रव्यात. बाकी सगळं खऱ्या दगडासारखं वागू द्या. मग जादूही खरी वाटते.

पायरी ५: नदीला कामाला लावा

खाणीचा पत्ता एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून सांगून टाकू नका. तो नदीला सांगू द्या. रत्नं ज्या खडकात असतात तो झिजतो, रत्नं टणक म्हणून उरतात आणि पाणी त्यांना खाली नेतं. गारगोटीची घनता साधारण २.६५, हिऱ्याची ३.५, कुरुंदाची ४. म्हणजे साधी वाळू पुढे वाहून जाते आणि जड खडे मागे रेंगाळतात: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, पात्रातल्या रांजणखळग्यांच्या तळाशी. खेळाडूनं “मी वाळू चाळतो” म्हटलं तर विचारा, कुठली? वळणाच्या आतली म्हणाला तर फासा टाकताना त्याला झुकतं माप द्या.

हिरा शोधणारे खरे भूवैज्ञानिक आधी हिरा शोधतच नाहीत. ते त्याचे सोबती शोधतात: जांभळट लाल पायरोप गार्नेट, पाचूसारखं हिरवं क्रोम डायऑप्साइड, काळं इल्मेनाइट. हे दाणे हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. नदीच्या वरच्या दिशेनं चालत, ठिकठिकाणी नमुने घेत जायचं. दाणे वाढत गेले, त्यांचे कोपरे अजून शाबूत दिसायला लागले, म्हणजे उगम जवळ आला. आणि अचानक दाणे थांबले, म्हणजे तो मागे राहिला.

डावात हे असं दिसतं. संगमाच्या खाली ताटलीत वाळू घोळवली. हलकी वाळू पाण्याबरोबर गेली, तळाशी काळ्या रेघेसारखी जड वाळू उरली आणि त्या काळ्यात तीन लाल दाणे. दोन गोल झालेले, एक धारदार कोपऱ्याचा. संगमाला दोन नद्या आहेत, एक थोरमाळाची आणि एक धवलरांगेची. लाल दाणा माणकाचा असेल तर उजवीकडे जायचं, गार्नेटचा असेल तर डावीकडे. खेळाडू आता भांडतील, ओरखडे काढून पाहतील, दिव्यासमोर धरतील. तुम्ही फक्त गप्प बसायचं.

नदीच्या वर, कोरड्या माळावर, वाळू नसते. तिथे वारुळं पाहायला लावा. अ‍ॅरिझोनात मुंग्या बीळ खोदताना गार्नेटचे खडे बाहेर आणून टाकतात आणि माणसं ते वारुळावरून वेचतात.

पायरी ६: गुण हेच नियम

रत्नांना फाशाच्या आकड्यात +१, +२ अशी भर देण्याआधी त्यांचे स्वतःचे गुण वापरा. खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये कठीणतेची श्रेणी मांडली: गारगोटी ७, पुष्कराज ८, कुरुंद ९, हिरा १०. वरचा खालच्यावर ओरखडा काढतो. खेळाडूकडे नीलमाची अंगठी असेल तर तो गारगोटी आणि पुष्कराज ओळखू शकतो, हा नियम आयता मिळाला.

पण कठीण म्हणजे न फुटणारा नव्हे. खरा हिरा घणाखाली फुटत नाही ही समजूत फार जुनी आहे आणि ती चुकीची आहे. हिऱ्याला चार दिशांनी स्वच्छ चिरलं जाण्याचा गुण आहे. नेमका घाव बसला तर तो दुभंगतो. ही समजूत तुमच्या जगातल्या लोकांनाही असू द्या. कुणी खरा हिरा पारखण्यासाठी ऐरणीवर ठेवला, की काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

आगीचंही तसंच. १७७२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए यांनी मोठ्या भिंगानं सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला. हवेत तो सुमारे ८५० अंश सेल्सिअसला जळू लागतो आणि वायू होऊन जातो, राखही उरत नाही. कुरुंद मात्र २,००० अंशांपुढेच वितळतं. म्हणजे ड्रॅगनच्या धगधगत्या गुहेत हिऱ्यांचा ढीग असूच शकत नाही. माणकं आणि नीलम असतील.

आणखी काही: अलेक्झांड्राइट दिवसा हिरवा आणि दिव्याच्या उजेडात लाल दिसतो, हे रत्न १८३०च्या दशकात उरल पर्वतात सापडलं, दिवसा हिरवा घेतलेला खडा रात्री लाल दिसला की सराईत खेळाडूही दचकतो. ओपलमध्ये पाणी असतं, काही ओपल कोरडे पडले की तडकतात, म्हणून ते ओल्या कापडात गुंडाळून नेण्याची सक्ती प्रवासाला रंगत आणते. अ‍ॅमेथिस्टचा रंग कडक उन्हात फिका पडू शकतो. हिऱ्यावर फुंकर मारली तर धुकं क्षणात जातं, कारण तो उष्णता फार वेगानं वाहून नेतो. काचेवर ते रेंगाळतं. पारख करायला जादूचा मंत्र लागत नाही.

पायरी ७: खाणीभोवतीची माणसं

शेवटी खाणीजवळ एक वस्ती आणि तिथून समुद्राकडे जाणारी एक वाट काढा. अफगाणिस्तानातल्या बदख्शानचं लाजवर्द हजारो वर्षांपूर्वी मेसोपोटेमिया आणि इजिप्तपर्यंत पोचत होतं, म्हणजे एक दुर्गम दरी आणि कित्येक राज्यं एका निळ्या दगडानं जोडलेली होती. तुमच्या पाचूच्या पट्ट्याची वाट कोणत्या खिंडीतून जाते, ती हिवाळ्यात बंद होते का, एवढं ठरवलं तरी राजकारण सुरू होतं. वजनासाठी एखादं बी घ्या. रत्नांच्या वजनाचा कॅरेट हा शब्द कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून आला, रती गुंजेवरून. आजचा कॅरेट ०.२ ग्रॅमचा आहे, पण तुमच्या दोन राज्यांत दोन वेगळी बियाणं असतील, तर सीमेवरच्या व्यापाऱ्याचं फावेल.

नकाशा पूर्ण झाला, की खेळाडूंना तो दाखवू नका. पहिल्या डावाच्या सुरुवातीला त्यांच्या पात्रांना आरक्तेच्या काठी आणा, एका मेलेल्या प्रवाशाची चामडी पिशवी सापडू द्या. आत मूठभर काळी वाळू, तीन लाल दाणे. मग विचारा, “काय करताय?”